ओल्या हळदीचं वजन

वजन विचारायची मोहनसिंगला खोडच होती. हायड्रा क्रेन घेऊन कुणाच्या दारी गेला की गडी आधी खाली उतरायचा, उचलायच्या वस्तूभोवती एक फेरी मारायचा आणि विचारायचा, "कितीचं हाय?" लोकांना गंमत वाटायची. याला उचलायला बोलावलंय का मोजायला? तांड्यातली म्हातारी माणसं मात्र कौतुकाने सांगत, "आमचे पणजे बैलावर दाणा लादून मुलूख हिंडले. बैलाची चाल बघून गोणीचं वजन सांगायचे. पोरात ते रक्त उतरलं." रक्ताचं देव जाणे, पण नुसतं बघून वजन सांगण्यात मोहनसिंगचा हात धरणारा वसमत तालुक्यात दुसरा कुणी नव्हता.

हा डोळा तयार केला होता बद्रुद्दीनचाचाने. चाचा क्रेनवरचा दुसरा माणूस. भाराला पट्टा बांधायचा, हुक अडकवायचा आणि खाली उभं राहून हाताच्या इशाऱ्याने वर, खाली, थांब असं सांगायचं, हे त्याचं काम. अकरा वर्षं दोघं एकाच क्रेनवर होते. "ज्याचं वजन ठाऊक न्हाई, त्याला हात न्हाई," हे चाचाचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं. क्रेनचा हात, म्हणजे तो पुढचा लोखंडी बूम, जितका लांब टाकावा तितकी तिची ताकद कमी होते. कुठल्या लांबीला किती टन, याचा तक्ता कॅबिनमध्ये चिकटवलेला होता. उन्हाने त्याची अक्षरं उडाली होती, पण ती मोहनसिंगला पाठ होती.

दोघांची एक रीत होती. पट्टा ताणण्याआधी चाचा हात वर करायचा आणि मोहनसिंग कॅबिनमधून बोटं दाखवायचा, जितके टन तितकी बोटं. ती बघितली की चाचा बिनघोर भाराजवळ जायचा. त्या बोटांवर त्याचा जीव असायचा आणि अकरा वर्षांत त्याने ती बोटं कधी दुसऱ्यांदा मोजली नव्हती.

क्रेनचा मालक हरिचंद मात्र या असल्या सोपस्कारांना कंटाळला होता. भाराचं वजन दाखवणारं मीटर दिवाळीपासून बंद होतं, ते काही तो दुरुस्त करत नव्हता. "तुझा डोळा हाय की! मीटर कशाला पाहिजे?" गेल्या महिन्यात एका तेलघाण्यावरची टाकी उचलायला मोहनसिंगने नकार दिला, कारण आत गाळ किती हे कुणालाच सांगता येईना. तेव्हा हाच हरिचंद चारचौघांत म्हणाला, "तू क्रेन चालवतो का किराणा दुकान? तराजूच आणून देतो तुला." सगळे खो-खो हसले. ते हसणं मोहनसिंगच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. ज्याच्या डोळ्याचं कौतुक करायचं, तो डोळा 'नको' म्हणाला की त्यालाच हसायचं, असली ही तऱ्हा.

मार्च महिना होता. कुरुंद्याच्या शिवारात हळदीची काढणी जोरात चालू होती. मोहनसिंग आणि चाचा जवळच विजेची डीपी बसवत होते. सकाळी अकराच्या सुमाराला हरिचंदचा फोन आला. "हातातलं काम टाक अन् पुंजाजीच्या मळ्याकडं पळ. ट्रॉलीखाली माणूस सापडलाय."

मळ्याच्या वाटेवर कालव्याची चारी आडवी जाते. तिच्यावर सिमेंटची जुनी फरशी टाकून केलेला पूल. पुंजाजीची ओल्या हळदीने भरलेली ट्रॉली त्या पुलावरून चालली होती. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची पुढची चाकं पलीकडे गेली आणि मागची चाकं चढावर अडखळली. ट्रॉली मागे सरकू नये म्हणून ड्रायव्हर जळबा चाकाला दगड लावायला खाली उतरला. तेवढ्यात फरशी मोडली. फरशीसकट जळबा चारीत आणि ट्रॉलीचा मागचा एक्सल त्याच्या मांडीवर. जीव गेला नाही, कारण एक्सलचं ओझं निम्मं मोडक्या फरशीने धरलं होतं. पण कालव्याला पाणी सुटलेलं. मोडक्या फरशीने चारी तुंबली आणि पाणी चढू लागलं. मोहनसिंग पोचला तेव्हा ते जळबाच्या छातीपर्यंत आलं होतं.

चारीच्या दोन्ही काठांवर दोनेकशे माणसं. सतरा जणांचे सतरा सल्ले. वरचं गेट बंद करायला माणूस गेला होता, पण कालव्यात असलेलं पाणी उतरायला दोन तास तरी लागणार. जेसीबीवाल्याने आधी एकदा ढकलून बघितलं होतं, तर ट्रॉली आणखी बोटभर खाली बसली आणि जळबा असा ओरडला की जेसीबीवाला मशीन घेऊन मागे सरला. हळद उपसावी म्हटलं तर ट्रॉलीवर चढणार कोण? चढणाऱ्याचं वजनही जळबाच्याच मांडीवर. मागचं फाळकं उघडावं तर सगळी हळद त्याच्याच अंगावर.

जळबाची बायको पंचफुला काठावर गुडघे टेकून त्याच्या डोक्याला हाताने धरून होती. ती हळद काढणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादम. एरवी तिचा आवाज अख्ख्या शिवाराला ऐकू जायचा. आता ती हळू आवाजात नवऱ्याला एकच सांगत होती, "मान वर ठेवा. मान वर ठेवा."

मोहनसिंगने खोडीप्रमाणे विचारलंच. "ट्रॉलीत माल किती?"

पुंजाजी धोतराचा सोगा हातात धरून समोर उभा होता. भला माणूस, पण घाबरून अर्धा झालेला. "अठरा क्विंटल," तो म्हणाला. आणि पुढे घाईने, "अठराच. जास्त न्हाई."

मोहनसिंगने मनात हिशेब मांडला. अठरा क्विंटल म्हणजे दोन टनांना थोडं कमी. रिकामी ट्रॉली दोन टन. सगळं मिळून चार. आपण फक्त तिचं शेपूट उचलणार, पुढचं ओझं पुढच्या चाकांवर. म्हणजे आपल्या वाट्याला दोन टन. चारीचा काठ ओला, भुसभुशीत. क्रेन दहा-बारा फूट मागेच ठेवावी लागणार, बूम लांब टाकावा लागणार. तेवढ्या लांबीला क्रेन चार टन उचलते. दोनला चार. दुप्पट सूट होती.

हिशेब चोख होता. आणि तेवढ्यात त्याची नजर ट्रॉलीच्या पाट्यांवर गेली.

चाकावरचे पोलादी पाटे धनुष्यासारखे वाकलेले असतात. जसा भार वाढतो तसं धनुष्य पसरतं. या ट्रॉलीचे पुढचे पाटे पार सपाट झाले होते, नव्हे, जरासे उलटे वळले होते. पुढचे टायर खाली पोळीसारखे बसले होते. अठरा क्विंटलला पाटे असे होत नसतात. मोहनसिंगला ते एका नजरेत कळलं. किती ते कळलं नाही, पण अठरा नाहीत, अठराच्या कितीतरी पट आहेत, एवढं नक्की कळलं.

त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हरिचंद. "अरे, उचल ना बाबा! लोक व्हिडिओ काढून राहिले. माणूस मरून राहिला अन् आमचा ऑपरेटर फेऱ्या मारून राहिला, अशानं नाव व्हईल का आपलं?" फोन ठेवतो तोच काठावरून पंचफुला ओरडली, "दादा, वजन मागून पुसा! पाणी गळ्याला आलं!"

खरंच आलं होतं.

चारशे डोळे आणि कितीतरी मोबाईल त्याच्याकडे रोखलेले. आता 'थांबा, वजनाचा मेळ बसंना' असं म्हणायचं कुणाच्या तोंडावर? त्या बाईच्या? मोहनसिंगने उघडलेलं तोंड मिटलं आणि तो कॅबिनमध्ये जाऊन बसला. मनाशी म्हणाला, दुप्पट सूट हाय. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला आकडे फार लवकर सापडतात.

चाचाने कंबरभर पाण्यात उतरून ट्रॉलीच्या मागच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, पट्टा घातला, हुकात अडकवला, वर आला आणि हात उंच केला. मोहनसिंगने दोन बोटं दाखवली.

चाचा क्षणभर त्या बोटांकडे बघत राहिला. एरवी बघत नसे. मग त्याने वर घे असा इशारा केला.

पट्टा ताणला. इंजिन गुरगुरलं. ट्रॉलीने एक कण्हल्यासारखा आवाज काढला आणि तिचं शेपूट उठलं. चार बोटं, मग वीतभर. काठावर आरोळी उठली. कुणीतरी हर हर महादेव म्हणालं. जळबाची मांडी मोकळी झाली होती, पण पाऊल मोडक्या फरशीच्या सळयांत अडकलं होतं. त्याला आतून सोडवल्याशिवाय तो निघणार नव्हता. काठावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. लटकत्या भाराखाली कोण जाणार?

टांगत्या भाराखाली जायचं नाही, हा चाचाचाच नियम. पण पाणी जळबाच्या हनुवटीला लागलं होतं. चाचाने सदरा काढला, एकदा कॅबिनकडे बघितलं आणि वाकून ट्रॉलीखाली शिरला.

आणि त्याच वेळी मोहनसिंगच्या हातातलं स्टेअरिंग हलकं झालं.

हायड्राची वळणारी चाकं मागची. स्टेअरिंग हलकं झालं म्हणजे मागच्या चाकांखाली जमीन उरली नाही. मोहनसिंगने आरशात बघितलं. मागचे टायर मातीपासून दोन बोटं उचलले गेले होते. अख्खी क्रेन पुढच्या चाकांवर तोलून उभी होती, पुढे ट्रॉली, मागे हवा. त्याने काही केलं नाही. क्रेन जराशी डोलली आणि मागचे टायर मातीला टेकले न टेकले असे थबकले.

खाली सोडावं तर ट्रॉलीखाली दोन माणसं. वर ओढावं तर क्रेन पालथी होऊन त्याच दोघांवर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नुसतं बसून राहायचं. ब्रेकवर पाय, लिव्हरवर हात, हात इकडचा तिकडे करायचा नाही. कपाळावरचा घाम डोळ्यात गेला, तो पुसायलाही हात मोकळा नव्हता. कॅबिनचं दार उघडं होतं. बाहेर शिवार होतं, वारा होता, पळून जायला चारी दिशा होत्या. पण दावणीला बांधलेल्या बैलापेक्षाही तो जास्त जखडला गेला होता. त्याला फार भीती वाटली. मरायची नव्हे. आपण जिवंत राहू आणि चाचा राहणार नाही, याची.

"पुंजाजीराव!" त्याने मान न वळवता हाक मारली. "इकडं या! अठरा कशाचे?"

पुंजाजी धावत कॅबिनशी आला. "कशाचे म्हंजे? हळदीचे!"

"ओलीचे का सुकीचे?"

"सुकून अठरा पडतील की! ओली कोन मोजतं, बाबा?"

खरं तर यात पुंजाजीचं काही चुकलं नव्हतं. त्या मुलखात हळद मोजतात ती शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली. बाजारात जाते ती तीच. शेतातून निघालेली ओली हळद वाळली की पाचाची एक होते. म्हणून मातीत हात असतानाच शेतकरी वाळल्या मापात बोलतो. ओल्या ढिगाकडे बघून 'अठरा क्विंटल' म्हणतो आणि ऐकणाऱ्यालाही ते बरोबर कळतं. मोहनसिंगच्या आईने, नानीबाईने, लोकांच्या शेतात जन्मभर हळद काढली होती. ओल्याचं आणि सुक्याचं गणित त्याला शाळेच्या आधी येत होतं. पाच गुणिले अठरा. नव्वद क्विंटल. नऊ टन हळद आणि दोन टन ट्रॉली. त्यातलं निम्मं, साडेपाच टन, चार टनांच्या हातावर लटकत होतं. एक प्रश्न विचारायचा राहिला होता. 'ओली का सुकी?' तीन शब्द. पण तेव्हा ते तोंडातून निघाले नाहीत.

क्रेनची मागची बाजू वर उठलेली काठावरच्या गर्दीलाही दिसली. "चला रे, मागं चढा!" कुणीतरी ओरडलं आणि दहा-पंधरा गडी धावले. वजन वाढवून क्रेन दाबायची, ही युक्ती कुणालाही सुचण्यासारखी होती.

"खबरदार!" मोहनसिंग असा ओरडला की त्याचा त्यालाच आवाज ओळखू आला नाही. "एक बी माणूस चढायचा न्हाई! पट्टा तुटला तर क्रेन मागं आदळंल, एक बी वाचणार न्हाई!" माणसं जागच्या जागी थांबली. आणि पट्ट्याची भीती खोटी नव्हती. पट्टा पाच टनांचा होता. त्याच्या कडेचे दोन धागे सुटून वाऱ्यावर हलताना मोहनसिंगला समोर दिसत होते.

माणसं नकोत, पण मागे वजन हवं होतं. त्याची नजर मळ्यात गेली. पुढच्या ट्रॉलीसाठी भरून ठेवलेली हळदीची पोती बांधाला ओळीने उभी होती.

"पुंजाजीराव, ते एक पोतं कितीचं?"

"बारा किलो," पुंजाजी म्हणाला. म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

"साठ!" काठावरून पंचफुला ओरडली. "ओलं पोतं साठ किलोचं! रोज आमीच उचलून राहिलो!"

ज्याला हळद विकायची असते त्याला सुकं वजन ठाऊक असतं. जिच्या पाठीवर ती असते तिला ओलं. मोहनसिंगला त्या घडीला पंचफुलाचंच वजन हवं होतं.

"वीस पोती आणा," तो म्हणाला. "क्रेनच्या मागं, बराबर मधोमध. टाकायचं न्हाई, हळू ठेवायचं. वीसच. एकवीस न्हाई!"

पंचफुलाने नवऱ्याचं डोकं एका पोराच्या हाती दिलं आणि उठली. आता तिचा खरा आवाज निघाला. टोळीतल्या बायका आणि गडी, दोघं-दोघं मिळून पोतं आणू लागले. एकेक पोतं क्रेनच्या मागे टेकत होतं आणि मोहनसिंग स्टेअरिंगवरून ते मोजत होता. सात झाली, काही फरक नाही. अकरा झाली, स्टेअरिंगला किंचित जडपणा आला. सोळाव्याला मागचे टायर मातीवर बसले. विसावं पोतं ठेवलं आणि क्रेनची डोलणी थांबली.

पण पट्टा तोच होता. क्रेन पडणार नव्हती, एवढंच. पट्ट्याला पोत्यांशी काही देणंघेणं नव्हतं, त्याचा तिसरा धागाही सुटला होता.

"चाचा!" मोहनसिंगने हाक मारली.

ट्रॉलीखालून आवाज आला. पाण्यामुळे घुमणारा, पण शांत. "बोल, मोहन."

"भार जास्त हाय. पट्टा किती धरंल, सांगता येत न्हाई."

चाचा म्हणाला, "लाकडं दे. जाड. टेक लावतो."

हळद शिजवायच्या भट्टीसाठी पुंजाजीने बाभळीचे ओंडके रचून ठेवले होते. ते एकेक करून काठावरून खाली गेले. चाचा जळबाला अर्धा अंगावर घेऊन, त्याचं तोंड पाण्याबाहेर धरून, एका हाताने ते ओंडके चासीखाली रचत होता. दोन उभे, दोन आडवे, परत दोन उभे. मोहनसिंगला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. ओंडका ओंडक्यावर बसल्याचा 'ठक' आवाज तेवढा ऐकू यायचा आणि दोन आवाजांच्या मधला वेळ त्याला गिळायला यायचा. दर्ग्याला, नागनाथाला, सेवालाल महाराजांना, जितके आठवले तितक्यांना त्याने नवस बोलून टाकले.

"सोड," चाचा म्हणाला. "एक बोट. एकच."

आयुष्यात त्याने हजारो वेळा भार खाली सोडला होता. पण एक बोट म्हणजे किती, हे त्याला त्या दिवशी कळलं. लिव्हर केसभर हलला. ट्रॉली बसली. ओंडके करकरले, दबले आणि थांबले. पट्टा सैल पडला.

भार आता लाकडावर होता.

"लिव्हर सोडू नको," आतून चाचा म्हणाला. "पाय निघून राहिला." मग जळबाची एक किंकाळी आली आणि पाठोपाठ काठावरच्या दहा हातांनी जळबाला वर ओढून घेतलं. पाय मोडला होता, मांडी काळीनिळी, पण माणूस शुद्धीवर होता आणि बायकोला शिव्या देत होता की रडते काय. अँब्युलन्स वाटेच्या तोंडाशी येऊन उभी होतीच. सगळी गर्दी त्या बाजूला लोटली.

मोहनसिंग मात्र ट्रॉलीकडे बघत बसला होता. चाचा निघायचा बाकी होता. सगळे त्याला विसरले होते. एक खांदा दिसला, मग पांढरं डोकं, मग चिखलाने भरलेली पाठ. चाचा रांगत काठावर आला आणि उताणा पडला. तेव्हा कुठे मोहनसिंगने लिव्हरवरचा हात काढला. बोटं सरळच होईनात, एकेक करून उलगडावी लागली.

पुढचा तासभर कौतुकात गेला. पुंजाजीने येऊन पाय धरायचेच बाकी ठेवले. "माझ्यामुळं झालं, मी सुकं वजन सांगितलं," असं तो ज्याला त्याला सांगत होता. हरिचंदचा फोन आला. तो खुशीत होता. व्हिडिओ आताच तीन गावांत फिरून राहिला म्हणे. "तुझ्या डोक्याला सलाम, पठ्ठ्या! पोत्यांची आयडिया जबरी." त्याने लंका जिंकून आणावी तसे लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते आणि प्रत्येक थापेसरशी त्याला कॅबिनमध्ये होतो त्याहून जास्त कोंडल्यासारखं वाटत होतं. तिथून निदान दार दिसत होतं. पुंजाजीने सगळा दोष आपल्या अंगावर घेतला होता. मोहनसिंगने फक्त गप्प राहायचं, की सगळं आपोआप मिटत होतं.

चाचा चारीच्या वरच्या अंगाला स्वच्छ पाण्यात पाय सोडून बसला होता. कोपर सोलवटलं होतं. मोहनसिंग त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. बसायचं धाडस झालं नाही.

"चाचा," तो म्हणाला. "पुंजाजीराव म्हणून राहिले तसं न्हाई. मी उचलायच्या आधी पाटे बघितले व्हते. सपाट झाले व्हते. अठरा न्हाईत हे मला कळलं व्हतं."

चाचा कोपर धूत राहिला. "ठाऊक हाय," तो म्हणाला.

"कसं?"

"पट्टा घालायला खाली उतरलो तवा मी बी बघितले. पाटे बी अन् टायर बी."

मोहनसिंगला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं आणि तो चाचाशेजारी खाली बसला. "मग आत काहून गेला तुमी?"

"तू दोन बोटं दाखवली म्हणून." चाचाने पाण्यातून हात काढला आणि गुडघ्यावर ठेवला. "मनात म्हणलं, मोहननं बी पाटे बघितलेच असतील. तरी दोन म्हणतो, म्हंजे त्याचा हिशेब पक्का असंल. माझीच नजर म्हातारी झाली. माझ्या डोळ्यापेक्षा तुझ्या बोटाचा भरवसा जास्त व्हता, बेटा."

"मी कसं थांबवणार व्हतो, चाचा? ती बाई, ते लोक, हरिचंदशेठ..."

"उचलायचंच व्हतं. मला बी ते दिसत व्हतं. माणूस बुडून राहिला व्हता, तुला न्हाई म्हणता येत नव्हतं. त्याचा राग न्हाई." "पर मला तरी सांगायचं. बोट न दाखवता हात हलवला असता, म्हणला असता, चाचा, ठाऊक न्हाई. मी तरी बी गेलो असतो. पर आधी लाकडं लावून मंग गेलो असतो."

चाचाने दोन मुस्कटात दिल्या असत्या तर मोहनसिंगला सुटल्यासारखं वाटलं असतं. चाचाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच खांद्याचा आधार घेऊन उठला.

"डीपीचं काम अर्धं राहिलंय. उद्या आठ वाजता येतो मी," तो म्हणाला. "तू बोटं दाखव. मी बघीन. पर मंग एकदा माझं मी बी बघून घेईन. राग मानू नको."

"राग कशाचा, चाचा," मोहनसिंग म्हणाला. चाचा सदरा शोधायला पुलाकडे गेला आणि मोहनसिंग तिथेच काठावर, लोकांकडे पाठ करून, रडत बसला.